बिनभावाचं जेवण

काकू पाँडिचेरीहून येऊन आठवडा झाला होता, पण तिथं त्या नेमकं काय जेवल्या याचा पत्ता साईनगरात कुणालाच लागला नव्हता. पहिली बातमी दूधवाल्याने आणली: काकूंच्या पुढ्यात सात चमचे मांडले होते. दुसरी धुणंवालीने: चमचे सात, पण भाजी एकच. तिसरी भिशीत फुटली: बिल जावयाने भरलं आणि त्याचा आकडा काकूंना अजून कुणी सांगितलेला नाही. चमच्यांचं मी सोडून दिलं असतं. पण ज्या काकू मेथीच्या जुडीसाठी भाजीवाल्याला गेटापासून तीनदा परत बोलावतात, त्यांना बिलाचा आकडा माहीत नाही, म्हणजे पाणी कुठंतरी मुरत होतं.

दुपारी तुरीच्या शेंगांचं टोपलं घेऊन मी भिंतीपाशी गेले. आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढी आहे. बांधताना विटा कमी पडल्या असं काका सांगतात, विटा बरोब्बर आल्या होत्या असं काकू सांगतात. पलीकडे काकू आणि अकोल्याहून आलेली त्यांची धाकटी बहीण, दोघी सोले काढत बसल्या होत्या. काका व्हरांड्यात पेपर उघडून. त्यांचा पेपर सकाळीच वाचून होतो. दुपारचा पेपर भिंतीवरचं ऐकण्यासाठी असतो.

“काकू, सात चमचे दिले म्हणे तुमाले?”

“कोण म्हणते सात? चार होते. दोन काटे, एक सुरी, एक सुपाचा चमचा. अन् वरतून एक आडवा, उलसक, थो गोडाचा. म्हणजे पाच झाले. बाकीचे दोन दूधवाल्याले कोणं सांगतले, नाई मले माहीत.”

“मीच सांगतले,” मावशी म्हणाली. “पाच चमच्याची काय बातमी होते वं, अक्का?”

मग सगळं पहिल्यापासून निघालं. काकूंची लेक चेन्नईला. काका-काकूंच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून जावयाने बोलावलं. बडनेऱ्याहून नवजीवन एक्स्प्रेस थेट चेन्नईला जाते, त्यामुळे नाही म्हणायला गाडीचंही निमित्त नव्हतं. तिथून मोटारीने समुद्राच्या काठाकाठानं पाँडिचेरी, दीडशे किलोमीटर.

“जेवाले दीडशे किलोमीटर?” मावशीने शेंग हातातच धरली. “चेन्नईले हाटेलं नाईत?”

“हायेत नं. पण जवाई म्हणे, फ्रेंच जेवण खाचं तर फ्रेंचाइच्या गावात खा.”

इथे काकांचा पेपर खाली आला. काका इतिहासाचे निवृत्त मास्तर. त्यांना एवढी फट पुरते.

“गाव खरंच फ्रेंचाइचं होतं. १६७४ साली फ्रान्स्वा मार्तँ नावाच्या माणसानं तिथं फ्रेंच कंपनीचं बस्तान बसवलं. मधात डचाइनं घेतलं, १७६१ मध्ये इंग्रजाइनं गाव पार पाडून टाकलं, पण हे लेकाचे फिरून फिरून आले. आपण ४७ साली झेंडे लावून जिलेबी वाटली, तवा पाँडिचेरीत फ्रेंचाइचाच झेंडा होता. ताबा भेटला १ नोव्हेंबर १९५४ ले, अन् कागदावर पक्कं झालं १६ ऑगस्ट १९६२ ले. आजही तिथल्या पोलिसाच्या डोक्यावर लाल उभी टोपी रायते, फ्रेंच पद्धतीची.”

“टोपी राहू द्या हो, ताटाचं सांगू द्या मले,” काकू म्हणाल्या.

“दोन मिनिटं. थो मार्तँ तिथं असतानाच शिवाजी महाराजाइनं १६७७ मध्ये जिंजी घेतली. जिंजी तिथून सत्तर किलोमीटर. महाराजाइच्या त्या स्वारीची हकीकत त्यानं आपल्या आठवणीत लिहून ठेवली. आता २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्याइचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले नं, त्यातले अकरा आपल्या महाराष्ट्रातले अन् बारावा हा जिंजी. मी जवायाले म्हणलं, हाटेल राहू दे, जिंजी पाहू. तर तुमच्या काकू म्हणे, किल्ला काय पयून चालला?”

“मंग? किल्ला साडेतीनशे वर्षं थांबला. टेबल आठ वाजताचं होतं.”

काकांनी तरी हार मानली नाही. अरविंदबाबू पाँडिचेरीला गेले ते १९१० च्या ४ एप्रिलला, फ्रेंचांच्या हद्दीत इंग्रज पोलिसाचा हात पोचत नव्हता म्हणून. पण त्याआधी दोन वर्षं, २९ जानेवारी १९०८ ला, ते आपल्या अमरावतीत राष्ट्रीय शाळेच्या पटांगणात ‘वंदे मातरम्’वर भाषण करून गेले होते, हे त्यांनी सांगून घेतलंच. “म्हणजे पाँडिचेरीच्या आधी अमरावती,” असं म्हणून त्यांनी समाधानाने पेपर वर केला. मावशीला अकोल्याचा काहीच उल्लेख आला नाही हे खटकलं असावं. तिने शेंगा जोरात मोडायला सुरुवात केली.

“आता सांगा काकू. आत गेल्यावर काय केलं?”

“अवं, हाटेल वाटतच नाई थे. घरच हाये. पिवय्या भिंती, मधात चौक, चौकात बोगनवेल, अन् समुद्र दोन गल्ल्या सोडून. गल्लीच्या पाट्या निळ्या, एका ओळीत फ्रेंच अन् एका ओळीत तमीळ. मले दोन्ही सारखंच. आत बसल्याबसल्या एका पोट्ट्यानं माह्या मांडीवर पांढरं फडकं टाकलं. मी म्हणलं, आता केस कापते का काय!”

“अन् मंग?”

“मंग मेनू दिला. जाड पुठ्ठ्याचा. मी उघडला, तर भावच नाई.”

मी आणि मावशी, दोघींचे हात थांबले.

“भाव नाई म्हणजे?”

“नाई म्हणजे नाई. नुस्ते पदार्थ. मी उलटा करून पाह्यला, मांगचं पान पाह्यलं. म्हणलं छापाचं राह्यलं असन. याइचा पाह्यला, त्यात बी नाई. पोरीचा पाह्यला, नाई. फक्त जवायाच्या मेनूत भाव. अन् थो छातीशी धरून बसला.”

हा प्रकार काकांनी समजावला. जुन्या ऐटीच्या फ्रेंच हॉटेलांत अशी रीत असते: बिल देणार त्याच्या हातात भाव लिहिलेला मेनू, पाहुण्यांच्या हातात बिनभावाचा. पूर्वी बाई आणि पुरुष जेवायला आले की बाईचा मेनू ठरलेला बिनभावाचा. पैसे पुरुषानेच द्यायचे हे गृहीत. आता बऱ्याच ठिकाणी हे मोडलं, काही ठिकाणी मागितलं तर देतात. जावयाने आदल्या दिवशी फोन करून मागितलं होतं.

“सासू ओयखते थो आपली,” मावशी म्हणाली. “भाव दिसला असता तर तू पाणी पिऊन उठली असती.”

“पाणीच पेली असती,” काकू म्हणाल्या. “अन् थे बी इचारलं असतं, साधं हाये का बाटलीचं.”

मग पदार्थ सुरू झाले. आधी आलं ते मागवलेलंच नव्हतं. परातीएवढी पांढरी बशी, मधोमध बिटाचा एक घास, वर हिरवं पान. शेफकडून, फुकट. काकूंना वाटलं हेच जेवण. त्यांनी काकांकडे पाहिलं, काकांनी जावयाकडे पाहिलं, जावयाने छताकडे पाहिलं.

“मी तं म्हणलं, झालं! एका घासासाठी नवजीवननं आलो बाप्पा.”

त्यामागून कांद्याचं सूप. आपल्याला सूप म्हटलं की लग्नातलं लाल पाणी आठवतं, ज्यात पाव तळलेला असतो आणि टोमॅटो नसतो. हे वेगळं. कांदा उभा चिरून लोण्यात मंद आचेवर तासभर परतत ठेवायचा, तो गोड आणि तपकिरी होईस्तोवर; मग रस्सा; वर पावाचा तुकडा; पावावर चीज; आणि सगळं भांडं वरून भट्टीची आच लागेल असं ठेवायचं. मूळ रीतीत तो रस्सा गोमांसाचा असतो. काकांच्या गळ्यात माळ. पण लेकीने ती चौकशीही आधीच केली होती. यांच्यासाठी भाज्यांच्या पाण्यात केलं.

“तासभर कांदा परतला?” मावशी म्हणाली. “गॅस फुकट भेटते का त्याइले?”

“परतला नं. चव आली त्याची. आपण काय करतो, कांदा टाकला की दुसऱ्या शेगडीवर पोया. कांद्याकडे पाह्यते कोण? लागला की पाण्याचा हबका मारला.”

काकूंच्या ताटात नंतर आलं ते रातातुई. २००७ साली उंदराचा तो सिनेमा आला होता, त्यात उंदीर जो पदार्थ करतो तोच. माझ्या मुलाने तो इतक्यांदा लावला होता की नाव मला पाठ. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीस गावाकडची ही शेतकऱ्यांची भाजी: वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडीसारखी दिसणारी झुकिनी, लसूण, ऑलिव्हचं तेल. काकूंना आणलं ते सिनेमातल्यासारखंच, पातळ चकत्या एकीवर एक कलत्या लावून, गोल.

“म्हणजे वांग्याची भाजी,” मावशीने निकाल दिला.

“वांग्याचीच.”

“दीडशे किलोमीटर जाऊन?”

“अन् बडनेऱ्याहून नवजीवननं,” काका पेपराआडून म्हणाले.

मावशीला आता जोर चढला. वांगं खायचं तर पौषात तिच्या वावरात. तुराट्या पेटवायच्या, त्या जाळावर वांगी टाकायची, साल काळी झाली की सोलून लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्यांसोबत ठेचायची, वर कांद्याची पात आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. कळण्याची भाकर. जेवणारे पन्नास, आणि कुणी मोजत नाही. “त्या चकत्यात तिखट तरी होतं का?”

“नाव नाई. पण खोटं कायले बोलू? वांग्याची चव वांग्याची लागली, मिरचीची मिरचीची. आपण येवढा मसाला घालतो का दोडकं हाये का वांगं, थे खाणाऱ्याले दुसऱ्या दिवशी समजते.”

वऱ्हाडात बसून हे बोलायला धीर लागतो. मावशी काही क्षण बोललीच नाही. मग म्हणाली, “पाँडिचेरीचं पाणी लागलं तुले.”

जावयाने बदक घेतलं होतं. संत्र्याच्या रसातलं. फ्रेंचांचा हा नावाजलेला पदार्थ: आंबटसर कडवट संत्रं, साखर, बदकाचा रस्सा. काकूंना बदकाचं काही वाटलं नाही, संत्र्याचं वाटलं.

“मी त्या पोट्ट्याले पोरीकडून इचारलं, संत्रं कुठचं? म्हणे बाहेरदेशचं. मी म्हणलं, त्याले सांग, आमच्या वरुड-मोर्शीले ये. बांगलादेशनं आयातीवर कर वाढवला तवापासून आमचं संत्रं पडून रायते, अन् तुमी जहाजानं आणून राह्यले?”

“मग तो काय म्हणाला?”

“थो ‘येस मॅडम’ म्हणाला. पोरीनं माह्यं सांगतलंच नाई त्याले, दुसरंच काही तरी सांगतलं. मले समजते.”

एकेक पदार्थ येऊन गेला की मध्ये वीस-पंचवीस मिनिटं नुसती शांतता. काकांना ही शांतता झेपली नाही. त्यांनी त्या वेळात चार वेळा पाव मागवला. पण त्याचंही त्यांच्याकडे इतिहासातलं उत्तर होतं. हे एकामागून एक वाढणं मुळात फ्रेंचांचं नाहीच. दोनशे वर्षांमागं फ्रान्सच्या बड्या घरांत टेबल भरून सगळे पदार्थ एकदम मांडत. दिसायला थाट, खायला गार. १८१० च्या सुमारास पॅरिसातल्या रशियन वकिलाने, कुराकिन त्याचं नाव, आपल्या घरी रशियन पद्धत दाखवली: एक पदार्थ आणायचा, गरम वाढायचा, ताटली उचलायची, मग दुसरा. ती हळूहळू साऱ्या युरोपात पसरली.

“अन् आता हेच लोक म्हणतात आमची परंपरा,” काका म्हणाले. “२०१० मध्ये युनेस्कोनं फ्रेंचाइच्या जेवणाले वारसा म्हणून मान दिला. एका पदार्थाले नोय, साऱ्या जेवणाले. बसाचं कसं, वाढाचं कसं, आधी काय, मंग काय.”

“आपल्या पंगतीत काय कमी हाये?” मावशी म्हणाली. “पानाच्या टोकाले मीठ, डाव्या अंगाले लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या अंगाले भाज्या, मधात वरणभात, त्यावर तूप. डाव्याचं उजवीकडे गेलं तर आमची आजेसासू पान बदलाले लावे. त्याइचा काटा डावीकडे अन् सुरी उजवीकडे, येवढंच न?”

“अन् हाटेल चांगलं हाये हे ठरवते कोण?” मी विचारलं. कारण आमच्याकडे हे धुणंवाली ठरवते.

“टायरवाले,” काका म्हणाले.

आम्हाला वाटलं थट्टा. पण खरंच तसं आहे. मिशेलिन ही टायरची कंपनी. लोकांनी मोटारी काढाव्या, लांब जावं, टायर झिजावे, म्हणून तिने १९०० साली प्रवाशांसाठी पुस्तक काढलं. १९२६ पासून त्यात चांगल्या हॉटेलांना तारे द्यायला लागली. त्या ताऱ्यांवर आता मोठमोठे आचारी जगतात-मरतात. आपल्या देशातल्या हॉटेलांना मात्र ते तारे देत नाहीत.

“मंग ट्रॅक्टरच्या टायरवाल्यानं द्याव नं,” मावशी म्हणाली. “आमच्या अकोल्यातल्या आलुबोंड्याले एक, तुमच्या गिल्या वड्याले एक.”

“गिल्या वड्याले दोन,” काकू म्हणाल्या. माहेर अकोल्याचं असलं तरी चाळीस वर्षं अमरावतीचं मीठ खाल्लं होतं.

गोडाच्या आधी चीज आलं. तिथली रीतच तशी. लाकडी पाटीवर पाच-सहा तुकडे, एकावर निळी बुरशी. काकूंनी नाकाला फडकं लावलं. मांडीवरच्या त्या पांढऱ्या फडक्याचा उपयोग तेव्हा कळला. दूध फाडायला बऱ्याच जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं द्रव्य वापरतात, हेही लेकीने विचारून घेतलं. वाढप्याने दोन तुकडे वेगळे काढून दिले, हे चालतील म्हणाला. जवळच ऑरोविलमध्ये चीज बनतं, त्यातले ते होते. काकांनी खाल्लं. काकूंनी काकांना खाताना पाहिलं.

आणि मग गाडी आली. चाकांची, पितळी दांड्याची, तिच्यावर शेगडी. वाढप्याने काकूंच्या खुर्चीशेजारीच तांब्याचा तवा तापत ठेवला. साखर टाकली, ती कडेने विरघळायला लागली, मधाच्या रंगावर आली, तशी लोण्याची वडी. मग संत्र्याचा रस, आणि किसलेली संत्र्याची साल. फेस खाली बसला. तयार पातळ धिरडी त्याने एकेक उचलून त्यात बुडवली, काट्या-चमच्याने दुमडली, पुन्हा दुमडली. चतकोर घडी झाली की कडेला सरकवायची, पुढची घ्यायची. हात कुठेच लागला नाही. शेवटी बाटली उचलली. संत्र्याचीच, पण दारू.

“मी म्हणलं, थांब! याइची माळ हाये. तर त्यानं बाटली खाली ठेवली. बाजूच्या टेबलावर त्यानं ओतली अन् काडी लावली, तर हातभर जाळ. लोकं फोटो काढून राह्यले. आमचं बिनाजाळाचं.”

“अन् धिरड्यात अंडं?” मावशीने बरोबर पकडलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग व्हरांड्याकडे. “वाढदिवसाचा केक खातांनी कोणी इचारते का?” त्या हळूच म्हणाल्या. व्हरांड्यातला पेपर हलला नाही. माळेला काही गोष्टी ऐकू येत नाहीत.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. माझ्या मनात मात्र अजून तो बिनभावाचा मेनू होता. मी विचारलं, “पण काकू, आवडलं काय तुमाले? खरं सांगा.”

काकूंनी सोल्यांचं ताट मांडीवरून खाली ठेवलं.

“खरं सांगू? पयलं सूप आलं तवा मी उठाले गेली. अशीच, सवयीनं. याइच्या पेल्यातलं पाणी सरलं होतं. मी उठली तसा थो पोट्टा पयत आला, माही खुर्ची मांगं ओढली. त्याले वाटलं बाथरूमले चालली. मी बसली. त्यानं खुर्ची पुढं केली, अन् पाणी त्यानंच ओतलं. थोड्या येळानं याइनं पाव इचारला, मी पुन्हा उठली. पुन्हा थो पयत आला. तीनदा झालं. चौथ्यांदा पोरगी म्हणे, आई, आता उठली तर मी जेवणार नाई. मंग बसली. सूप गरम होतं. सरेपर्यंत गरम होतं. मले समजेच ना, गरम कसं काय राह्यलं. मंग ध्यानात आलं, मी उठलीच नाई न मधात.”

आम्ही तिघी थोडा वेळ गप्प होतो. म्हणजे शेंगांचा आवाज होता. माझं सकाळचं जेवण आठवलं. शेवटची पोळी, तव्याशेजारी उभ्याने, भाजी पातेल्यातूनच.

“पोरगी सांगे,” काकू पुढे म्हणाल्या, “त्याइच्या सैपाकघरात एक जण फक्त सॉस करते. एक फक्त मासे. एक फक्त गोड. दुसरं कशाले हात लावत नाई.”

हे काकांना माहीत होतं. एस्कोफिए म्हणून मोठा फ्रेंच आचारी होऊन गेला, १८४६ चा जन्म, १९३५ मध्ये गेला. तरुणपणी तो फौजेत आचारी होता. फौजेत जशा तुकड्या, तसे त्याने हॉटेलच्या मुदपाकखान्यात विभाग पाडले: सॉसवाला वेगळा, भाजणारा वेगळा, भाजीवाला वेगळा, वर एक मुख्य. आजही मोठ्या हॉटेलांत तीच घडी चालते.

“अन् आपल्याइकडे थे सारी फौज एकटी बाई,” मावशी म्हणाली. “सॉसवाली तेच, भाजणारी तेच, भांडेवाली तेच.”

“अन् मुख्य?” मी विचारलं.

“मुख्य थो पेपर वाचून राह्यला.”

पेपर खाली आला. मावशीने ही संधी सोडली नाही. “भावजी, तुमी पाह्यला न आकडा? आता सांगाच. भिशीत लोकं पन्नास हजार म्हणून राह्यले.”

काका आधी नाही नाही म्हणाले. मग कबूल झाले की जावयाने सही केली तेव्हा चष्मा डोळ्यावर होता. “पण रुपयात नाई सांगत. तुमच्या अक्काले झोप लागाची नाई.”

“मंग कायच्यात सांगता?”

“सोयाबीनमध्ये. चार माणसाइचं मिळून तीन क्विंटल.”

मावशीची दहा एकर सोयाबीन यंदाच निघाली होती. तिने शेंगांचं टोपलं बाजूला सरकवलं.

“हमीभावानं का व्यापाऱ्याच्या भावानं?”

“हमीभावानं. २०२५-२६ चा ५३२८.”

“आमचं तं चार हजारानं गेलं. ओल हाये म्हणे, डागी हाये म्हणे. मंग तीन कुठचं? आपल्याले चार क्विंटल पडलं थे.”

मी काकूंकडे पाहिलं. आता मेथीच्या जुडीवाल्या काकू जाग्या होणार, हे उघड होतं. आणि झाल्याही. “म्हणजे माह्यं वांगं किती किलोचं पडलं?” त्यांनी बोटं मोडायला घेतली.

“म्हणूनच सांगत नव्हतो,” काका म्हणाले. “आता वर्षभर मले थे वांगं ऐका लागन.”

“नाई, आता हिशोब निघालाच हाये तं पुरा काढा,” काकू म्हणाल्या. “चाळीस वर्षं झाले, दोन टाइम वाढून राह्यली मी या घरात. आलेगेले येगळे. त्याचा हमीभाव किती, थे बी सांगा.”

काका चष्मा शोधायला आत गेले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

“हमीभाव मागून राह्यली का वं, अक्का?” मावशीने टोपलं पुन्हा पुढे ओढलं. “जाहीर होईन. भेटाचा नाई.”